सांध्याखालची पालवी

मुक्ताबाईचं नाव काढलं की आजबी माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. महिपतीचा राग येतो तो येगळा, त्याच्याकडून दुसरं काय व्हणार व्हतं? पण ही बाई! तोंडातनं येक खोटं काढायचं व्हतं, येकच. न्हाई काढलं. ऐका तुमी, अन् मग मला सांगा, मी भांडकुदळ का ती येडी.

मी बदरुन्निसा. लोणावळ्याच्या बाजारात आमचं बागवानाचं दुकान. माझा नवरा नसीर गावोगाव हिंडून झाडावरचा माल ठरवतो, अन् मी पाटी डोक्यावर घेऊन बंगल्याबंगल्यातनं फिरते. पारशिणी, बोहरणी, सायबांच्या मडमा, समद्या मला नावानं वळखतात. हापूस म्हणलं की दारात येऊन उभ्या राहतात.

तो हापूस यायचा इंदुरीहून. नदीच्या कडंला येक खोलगट तुकडा, त्यात पाच कलमं. दत्तोबाची. मुक्ता ही त्या दत्तोबाची बायको. माणूस चांगला व्हता, तापानं चार दिसात गेला. मागं पोर न्हाई, बाळ न्हाई. जिमीन गेली थोरल्या भावाकडं, म्हंजे महिपतीकडं. मग मुक्तानं काय करावं? पंच बसले. अंबाजी पाटील त्यांचा म्होरक्या. ह्या पाटलाला आपल्या शब्दाचं लय कवतिक. येकदा बोलला की त्यात काना-मात्रेचा फरक करायचा न्हाई. त्यानं देवळात बसून सांगितलं, "दत्तोबाच्या हाताची झाडं जित्ती हायती तवर फळ मुक्ताचं, अन् राखणीला खोपी मुक्ताची. झाडं मेली की जिमीन बी महिपतीची अन् खोपी बी."

म्हंजे बघा, त्या बाईचं डोक्यावरचं छप्पर अन् पोटातला घास, समदं त्या पाच झाडांच्या जिवावर. तिला सुदुंबऱ्याचं माहेर व्हतं, पण तितं आता भावजयीचं राज्य. दोन दिस पाव्हणी म्हणून जावं, तिसऱ्या दिशी भांडी आपटायला लागायची.

झाडांचीबी येक गोष्ट व्हती, अन् मुक्ता ती दर मोसमाला मला ऐकवायची. मला नुसती पाठ झालती. लग्न होऊन ती इंदुरीला आली तवा माहेरच्या आंब्याच्या कोयी पदराला बांधून आणलेल्या. नदीकडंला तिनंच त्या लावल्या, तिनंच घागरीनं पाणी घातलं. झाडं मनगटायेवढी झाली तवा दत्तोबानं पुण्यास्नं हापूसच्या काड्या आणल्या. जिमिनीपासनं वीतभरावर खोड कापलं अन् त्यावर काड्या बांधल्या. "कोय माझी, कलम त्यांचं," असं म्हणायची अन् हसायची. समद्या गावाला सांगत सुटायची बया. तवा काय ठावं, हेच पुढं नडणार म्हणून.

आता पस्तीस सालचं ऐका. संक्रांत नुकतीच झालती. मोहोर बघायला मी इंदुरीला गेलते, अन् उशीर झाला म्हणून मुक्ताच्या खोपीतच राह्यले. थंडी अशी की गोधडीत गोधडी घालून बी दात वाजायचं थांबंना. सकाळी मुक्तानं दार उघडलं अन् तितंच थबकली. मी मागनं बघितलं. या अल्ला! समद्या शिवारात मीठ सांडल्यावानी पांढरं. घागरीतल्या पाण्यावर पापुद्रा. दहिवर गोठलं व्हतं. आमच्या मावळात पाऊस बघावा, चिखल बघावा, पण असलं काय माझ्या आज्यानंबी बघितलं नसंल.

मुक्ता अनवाणी पळाली. येकेका फांदीवरनं ते पांढरं हातानं पुसत बसली. बोटं निळी पडली तरी पुसतेय. मी वरडले, "अगं, मरशील!" तर म्हणती कशी, "ह्यांस्नी गार लागतंय, बदरूबाई." वर गावाजवळच्या झाडांना काय बी झालं न्हाई. पण थंडी उतरून उतरून त्या खोलगटात साचलेली. ऊन वर आलं तसा मोहोर काळा पडला. दुपारपत्तोर पानं उकडलेल्या भाजीवानी लोंबायला लागली. मी कपाळाला हात लावून बसले. मुक्तानं मात्र नखानं खोडाची साल खरवडली अन् किंचाळली, "हिरवं हाय! आतनं हिरवं हाय!" पाची झाडांचं खरवडून दावलं. खरंच हिरवं व्हतं. वरची डहाळी करपली, पण खोड जित्तं.

चारच दिसांनी महिपती कुऱ्हाड घेऊन हजर. मी तवा परत गेलते झाडांचं काय व्हतंय ते बघायला, म्हणून समदं डोळ्यांनी बघितलं. मिशीवर हात फिरवत म्हणतो, "मेली की गं झाडं. चल, उचल तुझी गाठोडी." त्याला तो तुकडा भाजीपाल्याला पायजे व्हता. तळेगावला टेशन जवळ, गाडीनं माल जातो, समदं गणित त्यानं कवाच मांडून ठेवलेलं. अन् खरं सांगू का? भाजीपेक्षा त्याला ही बाई डोळ्यांसमोर नको व्हती.

मी कसली गप बसते! म्हणलं, "महिपतीभाऊ, थंडीनं मारल्यालं झाड लगीच तोडत न्हाईत, पाऊसकाळापत्तोर वाट बघत्यात, हे तुमाला मी सांगाया पायजे व्हय?" तो म्हणला, "तू पाटी उचल अन् रस्त्याला लाग, बागवानीण." पण पंच आले. अंबाजी पाटलानं झाडं बघितली, नखानं खरवडलेलं हिरवं बघितलं, अन् म्हणला, "अक्षय तृतीयेपत्तोर थांबा. पालवी फुटली तर जित्ती, न्हाई तर मेली."

मुक्तानं पाटलाच्या पायावर डोकं ठेवलं. तवा महिपती येकदम गोड झाला. म्हणतो, "आबा, माझं कायबी म्हणणं न्हाई. पण मग रीत करू. झाडांना भ्या दावू."

ही रीत तुमाला ठावं नसंल. झाड फळंना, वाळाया लागलं, की दोघं जण त्याच्याजवळ जात्यात. येक जण कुऱ्हाड घेऊन म्हणतो, तू काय कामाचं न्हाईस, तोडतो तुला. अन् कुऱ्हाडीची उलटी बाजू तीन येळा खोडाला लावतो. तिसरा घाव झाला की दुसरा माणूस मधी पडतो, थांब, मारू नको, मी ह्याला जामीन हाय, हे औंदा फळंल. झाड भितं अन् फुटतं, असं म्हणत्यात. जामीन भावकीतला चालत न्हाई, परका लागतो. मी म्हणलं, मी राहते जामीन. मला कुटं अक्कल!

महिपती पयल्या झाडाशी गेला. "तोडतो तुला," म्हणला, अन् कुऱ्हाड फिरवली. उलटी न्हाई. सुलटी. पातं! खच्चकन गुडघ्याच्या उंचीला बसलं अन् सालीचा ढलपा उडाला. मी "अरं!" म्हणून पुढं झाले, तर पाटलानं हात आडवा घातला. "तिसऱ्या घावाआधी जामीन बोलत न्हाई," म्हणतो. मी म्हणलं, "आबा, तो पात्यानं मारतोय!" पाटील म्हणला, "रीतीत उलट-सुलट कुणी सांगितलं न्हाई." महिपती झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेला, खच्चकन दुसरा. मग तिसरा. तीन बाजूनं तीन, साल समदी सुटली. "थांब, मी जामीन हाय!" मी वरडले, तवा त्यानं माझ्याकडं बघून कुऱ्हाड खाली केली अन् दुसऱ्या झाडाकडं वळला.

पाची झाडांचं असंच. पाच येळा मी "जामीन हाय" म्हणले. मुक्ता पदराचा बोळा तोंडात घालून उभी व्हती. लोक बघत व्हते, मूग गिळून. रीत हाय म्हणल्यावर कोण बोलतंय! मला अजून वाटतं, त्या दिशी त्याच्या हातातली कुऱ्हाड हिसकायला पायजे व्हती अन् पाटलाच्या पागोट्यावर हाणायला पायजे व्हती.

लोक गेल्यावर मुक्तानं शेण अन् माती कालवली. जखमांवर लिंपली. दोनच लुगडी व्हती तिला, त्यातलं येक फाडलं अन् खोडांना गुंडाळलं. मग तिचं राखण सुरू झालं. महिपतीची शेरडं रोज चुकून तितंच यायची. रोज! मुक्ता झाडांमधीच आंथरूण टाकायची, तितंच भाकर खायची. मी फाल्गुनात गेले तर गालफडं बसलेली, पायाला भेगा, अन् झाडांच्या वरच्या समद्या फांद्या खडखडीत. मोडल्या की कट्टकन वाजायच्या. मी म्हणलं, मुक्ते, चल माझ्यासंगं लोणावळ्याला. तर माझ्यावरच डाफरली, "जामीन तू व्हतीस ना? मग अशी बोलतीस?"

चैत्र संपता संपता निरोप आला, लगीच ये. मी तळेगावास्नं चालत गेले, ऊन मी म्हणत व्हतं. मुक्ता बांधावरच उभी. मला हाताला धरून वढतच नेलं. पाचातल्या तीन झाडांच्या बुडाला पालवी! तांबडी, कवळी, बोटभर. मला रडू आलं. "या अल्ला, वाचलीस गं बये," म्हणून मी तिला मिठीच मारली. मग खाली वाकून नीट बघितलं.

पालवी सांध्याच्या खालनं फुटली व्हती. दत्तोबानं काडी बांधली त्या जागंला खोडावर गाठ असते, ती गाठ वर, अन् कोंब तिच्या खाली. म्हंजे हापूस मेला. थंडीनं कमी अन् महिपतीच्या कुऱ्हाडीनं जास्त. जगलं ते खालचं, कोयीचं गावठी रायवळ. बागवानाच्या घरात जन्म गेला माझा, मला हे सांगाया लागत न्हाई. मी वर बघितलं. मुक्ता माझ्याच तोंडाकडं बघत व्हती. म्हणली, "ठावं हाय मला." अन् दोन्ही हातांनी बुडाला माती लोटायला लागली. "मुळाला गारवा पायजे ना," म्हणली. पदर खोचला अन् मीबी लोटायला लागले. सांधा दिसंना अशी माती चढवली आमी, वर पाचोळा टाकला.

अक्षय तृतीयेला पंच आले. मीबी गेलते, जामीन व्हते ना! पाटलानं कंबरंवर हात ठेवून पालवी बघितली, येक पान चुरगाळून वास घेतला. "जित्ती हायती," म्हणला. मुक्ताचे डोळे घळाघळा वाहायला लागले. झालं, सुटली, असं मला वाटलं. पंच पागोटी सारखी करून निघाले बी.

तर महिपती उकिडवा बसला. कुऱ्हाडीच्या दांड्यानं बुडाची माती उकरायला लागला. सावकाश, काय घाई न्हाई. पाचोळा बाजूला, माती बाजूला. सांध्याची गाठ उघडी पडली. "आबा," म्हणला, "जरा हितं बघा. दत्तूच्या हाताचं ह्या गाठीच्या वर. ते वाळून कोळसा झालं. खालचं फुटलंय ते रायवळ. तुमचा शबूद दत्तूच्या हाताच्या झाडाचा व्हता."

माझं टाळकं सरकलं. म्हणलं, "अन् खालचं काय आभाळातनं पडलं? ते बी दत्तोबाचंच की! आधी झाड लावलं म्हणून तर त्यावर कलम बांधलं." पाटील इच्यारात पडला. डोकं खाजवून म्हणला, "ही बाई बोलतीया ते खरं हाय. कोय बी दत्तोबानंच लावली असंल, तर झाड दत्तोबाच्या हाताचं. झाड जित्तं, खोपी मुक्ताची."

ऐकलंत? येवढंच व्हतं! महिपती हसला. "मग इचारा तिलाच," म्हणला. "बेलभंडार उचलून आण घेऊ द्या, की कोय दत्तूच्या हाताची." देवळातनं बेल अन् भंडारा आणला, पानावर ठेवून मुक्ताच्या म्होरं धरला. समद्या गावाला ठावं व्हतं कोय कुणाची. पण बेलभंडार उचलल्यावर महिपतीचा बाप बी काय बोलू शकला नसता. पाटील खाली बघून हळूच म्हणला, "उचल, पोरी." त्याच्याबी मनात तिला सोडवायचं व्हतं, येवढं मी म्हणंन. मी मागनं तिच्या कमरंला चिमटा काढला. "उचल की गं बये, उचल!"

तिनं हात पुढं केला. भंडाऱ्याचं पिवळं बोटाला लागलं बी. अन् तो हात तसाच थांबला. हाताकडं बघत राह्यली बया. मग मागं घेतला.

"कोय माझ्या हाताची हाय," म्हणली. "सुदुंबऱ्यास्नं मी आणली. मीच लावली, मीच पाणी घातलं. आबा, मग झाड माझंच न्हाई व्हय?"

पाटलानं बेलभंडाराचं पान उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणला, "मी दत्तोबाच्या हाताचं बोललो व्हतो. तुझ्या हाताचं काय बोललोच न्हाई. बाईच्या हातानं लावल्यालं झाड, ज्याची जिमीन त्याचं." अन् उठला. शबूद राखला त्यानं आपला. मी त्याला मागनं काय काय म्हणले ते हितं सांगत न्हाई, चारचौघांत बोलण्यासारखं न्हाई.

महिपतीनं तिची मडकी बांधावर मांडून ठेवली, येकबी फोडलं न्हाई. लोकांनी त्यालाबी चांगला म्हणलं. अन् वरचा कहर ऐका, त्यानं ती झाडं तोडली बी न्हाईत! फुटलीच हायती तर राहू द्या, म्हणला. भाजी आजूबाजूनं लावली अन् झाडांना कुपण घातलं. आता शेरडं चुकून येत नव्हती.

तळेगावच्या वाटंवर मी तिला धरून हलवलं. "का गं? का न्हाई उचललास? देव काय तुला गिळणार व्हता?" ती म्हणली, "समदं त्यांचंच व्हतं, बदरूबाई. घर त्यांचं, जिमीन त्यांची, नाव त्यांचं. येवढं येकच माझं व्हतं. ते बी त्यांचं म्हणून सांगू?" मी म्हणलं, "मग खा आता ते माझं-माझं, भाकरीसंगं!" लय लागंल असं बोलले, पण मला राग आवरंना. गाडी आली तवा मीच तिचं गाठोडं उचललं अन् तिला डब्यात चढवलं.

तवापासनं ती लोणावळ्याला हाय. आमच्या परसात तिला पडवी काढून दिली, तिची चूल येगळी, पाणी येगळं. सकाळी ती येक पाटी उचलती, मी येक. मी वरच्या बंगल्यांना जाते, ती भुशीच्या वाटंला. बंगल्यातल्या बायकांशी भाव करायला तिला अजून येत न्हाई. दिलं तेवढं घेऊन येती.

अन् औंदा, पाच वर्सांनी, त्या झाडांना फळ आलं. नसीरनं महिपतीचा माल घेतला. मी त्याच्याशी भांडले, तर म्हणतो, "धंद्यात आंबा कुणाचा ते बघत न्हाईत." बारकी, रसाळ, चोखायची फळं. पाट्या परसात उतरल्या. मुक्ता निवडायला बसली. मी मुद्दाम कुटनं आल्यात ते सांगितलं न्हाई. तिनं येक आंबा दाबून मऊ केला, तोंडाला लावला अन् चोखता चोखता थांबली. डोळे मिटले. "आमच्या सुदुंबऱ्याचा हाय," म्हणली. मग डोळे उघडून पाटीवर घातल्याल्या इंदुरीच्या नदीकडच्या पाल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. मला वाटलं, आता रडंल, न्हाई तर पाटी लाथाडंल. काय बी केलं न्हाई. आंबा पुरता चोखला, कोय चोखून पांढरी केली, धुतली, पदराला पुसली.

मी म्हणलं, "मुक्ते, लाव की ती हितं परसात. जागा हाय."

तर म्हणली, "कुणाच्या हाताची म्हणून लावू?"

अन् कोय चुलीत सारली. वली व्हती, लगीच पेट घेईना, तर फुंकणी घेऊन फुंकत बसली. ती जळून राख होईस्तवर काय उठली न्हाई. मग हात धुतले अन् राह्यल्याले आंबे निवडायला घेतले.